मठ्ठ ठरवणाऱ्यांना काही प्रश्न

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलपटूबद्दलचं एक मत आता इतकं रुळलं आहे, की ते तपासून बघायला हवं असं कुणाला वाटतच नाही. हा मुलगा अंगानं दांडगा आणि डोक्यानं मंद, त्याचा मेंदू गुडघ्यात. चेंडू घेऊन धावता येतं म्हणून विद्यापीठात आला, नाहीतर त्या जागी एखादा अभ्यासू विद्यार्थी बसला असता. ऑस्टिन, अ‍ॅन आर्बर, कोलंबस, चॅपल हिल इथं शिकायला गेलेली आपली मराठी मुलं टीचिंग असिस्टंट म्हणून या खेळाडूंचे पेपर तपासतात आणि वर्षभरात तीही हेच बोलू लागतात. शिक्षणासाठी कर्ज काढून गेलेल्या मुलाला वर्गात फी न भरता बसलेला, पेंगुळलेला धिप्पाड गडी दिसला की चीड येते, हे मला समजतं. पण त्या चिडीतून निघालेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि अन्यायाचाही आहे. तो खोडून काढण्यासाठीच हे लिहितो आहे.

आधी पूर्वपक्ष पुरता मांडतो, कारण तो पोकळ नाही. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षं काढून व्यावसायिक फुटबॉलमध्ये नाव कमावलेला डेक्स्टर मॅनली १९८९ साली सिनेटच्या समितीपुढं रडत सांगत होता, की त्याला नीट वाचता येत नव्हतं. जॉर्जिया विद्यापीठात फुटबॉल संघातल्या नऊ मुलांना पायाभूत इंग्रजीत नापास होऊनही वर ढकलण्यात आलं, कारण त्यांना मोठ्या सामन्यात उतरवायचं होतं. त्याविरुद्ध बोलणाऱ्या जॅन केम्प या प्राध्यापिकेची नोकरी गेली आणि १९८६ साली न्यायालयात ती जिंकली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपल हिलला, तब्बल अठरा वर्षं असे कोर्स चालले ज्यांना तासच नव्हते. शेवटी एक निबंध द्यायचा, तो विभागाच्या कार्यालयातली कर्मचारी तपासायची आणि चांगली श्रेणी देऊन टाकायची. २०१४च्या चौकशी अहवालानुसार ३,१००हून अधिक विद्यार्थी या कोर्सांतून गेले आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते.

हे सगळं खरं आहे. आता यातून काय सिद्ध होतं ते पाहू.

मॅनलीपासून सुरुवात करतो. त्याला शिकण्यातली अक्षमता होती, ती शाळेनं ओळखली नाही आणि विद्यापीठानंही नाही. पुढं तिशी जवळ आल्यावर तो वॉशिंग्टनच्या लॅब स्कूलमध्ये गेला आणि वाचायला शिकला. ज्याला वाचता येणारच नाही असं सगळ्यांनी धरलं होतं, त्याला शिकवणारं कुणी भेटल्यावर वाचता आलं. मग बारा वर्षांची शाळा आणि चार वर्षांचं विद्यापीठ यांच्या काळात नापास कोण झालं? जॉर्जियाच्या खटल्यात तर विद्यापीठाच्या वकिलानंच आपली बाजू अशी मांडली होती, की या खेळाडूंना पदवी मिळणार नसेलही, पण जुजबी लिहायला-वाचायला शिकून कचऱ्याच्या गाडीऐवजी टपाल खात्यात काम मिळालं तरी त्यांचं भलंच झालं. हा माणूस मुलांना पाडणारा नव्हता, त्यांना आणणाऱ्या संस्थेची बाजू लढवणारा होता. मुलगा वर्गात पाऊल टाकण्याआधीच संस्थेनं त्याची उंची ठरवून टाकली होती.

चॅपल हिलचं प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण तिथं खेळाडूंचा कैवार घेणाऱ्यांकडूनही चूक झाली. मेरी विलिंगहॅम या तिथल्या वाचनतज्ज्ञ बाईंनी बोगस कोर्सांना वाचा फोडली, नोकरी आणि मनःशांती पणाला लावली, आणि त्यांचा मूळ आरोप पुढं खरा ठरला. पण जानेवारी २०१४मध्ये त्यांनी आणखी एक आकडा जाहीर केला. त्यांनी तपासलेल्या १८३ खेळाडूंपैकी साठ टक्क्यांची वाचनक्षमता चौथी ते आठवीच्या मुलांइतकी होती, असं त्यांचं म्हणणं होतं. देशभर तेच मथळे झाले. नंतर विद्यापीठानं बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलं, तेव्हा कळलं की आधार होता पंचवीस बहुपर्यायी प्रश्नांच्या शब्दसंग्रह-चाचणीचा, आणि तेवढ्यावरून कोण कितवीच्या पातळीवर वाचतो हे सांगताच येत नाही. विद्यापीठाला स्वतःची अब्रू वाचवायची होती, हे मी विसरत नाही. तरीही तज्ज्ञांचा आक्षेप रास्त होता. शब्दांचे अर्थ ओळखणं वेगळं, उतारा वाचून समजणं वेगळं. त्या मुलांची नावं आकड्यात नव्हती, पण ती कोणत्या संघात खेळतात हे आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. विद्यापीठाच्या पापाचा पुरावा म्हणून त्यांची अक्कल चव्हाट्यावर मांडली गेली.

आणि जे पाप खरोखर झालं त्याचं काय? अहवालात २००९ सालच्या एका बैठकीची नोंद आहे. कार्यालयातली ती कर्मचारी निवृत्त झाल्यावर फुटबॉलच्या अभ्यास-समुपदेशकांनी प्रशिक्षकांना सांगितलं, की ज्या कोर्सांत मुलांना वर्गात जावं लागत नव्हतं, टिपणं काढावी लागत नव्हती, लक्षही द्यावं लागत नव्हतं, ते कोर्स आता बंद झाले. म्हणजे मुलांनी पळवाट शोधली नव्हती. पगारी माणसं त्यांना हाताला धरून त्या वाटेनं नेत होती. महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए हिनं २०१७ साली निकाल दिला, की हे कोर्स सर्व विद्यार्थ्यांना खुले असल्यानं आपल्या नियमांखाली शिक्षा करता येत नाही. संस्था मोकळी झाली, मठ्ठपणाचा शिक्का मात्र मुलांच्या माथी राहिला.

आता वेळेचा हिशेब. एनसीएएच्या नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही. पण २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी कामगार संघटनेचा हक्क मागितला, तेव्हा राष्ट्रीय कामगार मंडळाच्या शिकागोतल्या अधिकाऱ्यानं साक्षीपुरावे तपासून नोंदवलं, की हंगामात ही मुलं आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलला देतात. व्यायाम, चित्रफिती पाहणं, प्रवास, दुखापतींवरचे उपचार या सगळ्याला वेळ लागतोच, नियम तो मोजो वा न मोजो. त्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, केन कोल्टर याला डॉक्टर व्हायचं होतं. रसायनशास्त्राचा तास सकाळच्या सरावाच्या वेळी येत होता. तो मागं पडला आणि शेवटी मानसशास्त्राकडे वळला. नॉर्थवेस्टर्न हे देशातल्या नामांकित विद्यापीठांपैकी एक आहे, तिथली ही गोष्ट. पुढं मंडळानं प्रकरणात हात घालायचं नाकारलं, पण तासांची ती नोंद पुसली गेली नाही. मिशिगनचा माजी क्वार्टरबॅक जिम हार्बॉ यानं २००७ साली, स्टॅनफर्डचा प्रशिक्षक असताना, उघड सांगितलं, की आपल्याला इतिहास घ्यायचा होता तेव्हा ‘वाचन फार असतं’ म्हणून आपल्याला परावृत्त केलं गेलं. ज्याला पुस्तकापासून दूर ठेवलं, त्यालाच नंतर ‘हा वाचत नाही’ म्हणायचं!

चाचण्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवं. १९८६पासून एनसीएएनं प्रवेशपरीक्षेच्या किमान गुणांची अट लागू केली. कृष्णवर्णीय मुलांना तिचा फटका सर्वाधिक बसला, आणि जानेवारी २०२३मध्ये ती अट कायमची काढण्यात आली. व्यावसायिक लीगमध्ये निवडीच्या वेळी बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची वंडरलिक चाचणी असायची, तीही २०२२ साली बंद झाली. २०२३मध्ये ओहायो स्टेटच्या सी. जे. स्ट्राउडचे दुसऱ्या एका आकलन-चाचणीतले अतिशय कमी गुण फुटले आणि त्याच्या डोक्याबद्दल हवी तेवढी चर्चा झाली. त्याच मोसमात तो आक्रमण फळीतला सर्वोत्तम नवोदित ठरला.

हा शिक्का कुणावर बसतो, हेही नीट पाहिलं पाहिजे. जेम्स थर्बरनं १९३३ साली छापलेल्या आठवणींत ओहायो स्टेटचा एक फुटबॉलपटू रंगवला. त्याला वाहतुकीचं एक साधन सांगता येत नाही आणि प्राध्यापक त्याला आगगाडीचे आवाज काढून दाखवतात. त्या पात्राचं आडनाव पूर्व युरोपीय वळणाचं आहे. तेव्हा संघांत खाणकामगार, गिरणीकामगार स्थलांतरितांची मुलं भरत होती. पुढं कृष्णवर्णीय मुलं आली आणि तोच विनोद त्यांच्या अंगाला चिकटवला गेला. क्वार्टरबॅक ही ‘विचार करणाऱ्याची’ जागा, म्हणून ती त्यांना द्यायची नाही, असा अलिखित दंडक दीर्घकाळ होता. वॉशिंग्टन विद्यापीठाचा वॉरन मून १९७८च्या रोझ बोल या मोठ्या सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी त्या वर्षी एकाही संघानं त्याला क्वार्टरबॅक म्हणून निवडलं नाही. तो कॅनडात गेला, सलग पाच वेळा अजिंक्यपद जिंकलं, मग परतला आणि शेवटी हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. उलट, २०१९च्या महाविद्यालय-प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत आईबापांनी नौकानयन, वॉटर पोलो यांसारख्या खेळांतली खोटी कर्तबगारी दाखवून मुलांना नामांकित विद्यापीठांत घुसवलं होतं. तरी नौकानयन करणाऱ्यांचा मेंदू कुठं असतो, असं कुणी विचारत नाही.

या मताची सर्वांत क्रूर परिणती मेंदूच्या दुखापतींच्या भरपाईत दिसली. डोक्यावरच्या आघातांनी स्मृतिभ्रंश झालेल्या, व्यावसायिक लीगमधल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देताना, कृष्णवर्णीयांची आकलनक्षमता मुळातच कमी असते असं धरून गुण ‘दुरुस्त’ केले जात होते. म्हणजे सारख्याच गुणांवर गोऱ्या खेळाडूला रुग्ण ठरवायचं आणि काळ्याला धडधाकट. दोन माजी खेळाडू न्यायालयात गेल्यावर २०२१ साली लीगला ही पद्धत सोडण्याचं कबूल करावं लागलं. ‘खेळाडू मठ्ठच असतात’ हे सहज बोललेलं वाक्य कुणाच्या औषधपाण्याच्या पैशापर्यंत पोहोचतं, ते इथं कळतं.

खंडन इतकं पुरे. मी काय मानतो ते सांगतो.

जॉन उर्शेल पेन स्टेटमध्ये खेळत असतानाच गणित शिकवत होता, आणि पुढं एमआयटीत पीएच. डी. करून तिथंच प्राध्यापक झाला. फ्लोरिडा स्टेटचा मायरन रोल ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, आज तो मेंदूचा शल्यविशारद आहे. पण या दोघांना पुढं करून मी जिंकू इच्छित नाही. अपवादांनी नियम मोडत नाही, आणि प्रत्येक खेळाडूनं उर्शेल व्हावं ही मागणीही जाचकच आहे. रोलच्या बाबतीत मला वेगळीच गोष्ट खुपते. व्यावसायिक संघाच्या मुलाखतीत त्याला विचारलं गेलं, की शिष्यवृत्तीच्या मुलाखतीसाठी संघाला सोडून जाताना तुला कसं वाटलं? शिकला नाही तर मठ्ठ, शिकला तर बेइमान.

माझा दावा साध्या खेळाडूबद्दल आहे. दोन डावांमधल्या चाळीस सेकंदांत क्वार्टरबॅक इशारा वाचतो, समोरच्या अकरा जणांची मांडणी पारखतो आणि गरज पडली तर ठरलेला बेत बदलतो. सेंटर आपल्या फळीला कुणी कुणाला अडवायचं ते ओरडून सांगतो. रिसीव्हर धावता धावता बचावाचा प्रकार ओळखून आपली वाट बदलतो, आणि क्वार्टरबॅकनंही त्याच क्षणी तोच अर्थ लावलेला असावा लागतो. शेकडो बेत पाठ असतात आणि दर आठवड्याला नवे येतात. याला ‘खेळातली अक्कल’ म्हणून वेगळ्या खणात टाकणं मला मान्य नाही. स्मरण, आकृतिबंध ओळखणं, घाईत योग्य निर्णय घेणं ही तीच बुद्धी आहे, जी आपण प्रयोगशाळेत आणि न्यायालयात नावाजतो.

ही बुद्धी पुस्तकाकडे वळू शकते का? ओहायो स्टेटच्या कार्डेल जोन्सनं २०१२ साली विशीत असताना समाजमाध्यमावर लिहिलं, की आम्ही इथं फुटबॉल खेळायला आलो, वर्ग कशाला? सारा देश हसला. त्याच मुलानं पुढं राष्ट्रीय विजेतेपद जिंकून दिलं आणि २०१७ साली पदवीही पूर्ण केली.

आता म्हणतील, की २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, मग अभ्यासाचा आग्रह कशाला? कारण शंभरातले दोनसुद्धा व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचत नाहीत, आणि पोहोचलेल्यांची कारकीर्दही तुटपुंजी असते. म्हणून वर्गाची आणि सरावाची वेळ एक आली तर सराव हलवावा. विषय मुलानं निवडावा, प्रशिक्षकानं नव्हे. शिष्यवृत्ती मैदानावरचे दिवस संपल्यानंतरही पदवी हाती येईपर्यंत, दुखापत झाली तरी, चालू राहावी. आणि मुलगा प्रवेशावेळी कुठं होता आणि बाहेर पडताना कुठं पोहोचला, याचा जाब दरवर्षी विद्यापीठाच्या कुलगुरूंना विचारावा.