समुद्रांतील शिसें आणि मोजणाराचें सोवळें

उत्तर पॅसिफिक महासागराच्या खोल भागांतील एक लिटर पाण्यांत शिसें किती असतें? ग्रॅमचा सुमारें एक अब्जांश. इतकी सूक्ष्म वस्तु मोजतात तरी कशी, असें वाचकांस वाटेल. रीत अशी : तांदळाच्या राशींत मोजून शंभर उडीद मिसळावे, रास नीट कालवावी, आणि एक ओंजळ घेऊन तींत एका उडदामागें तांदूळ किती हें पाहावें, साऱ्या राशीचा हिशेब आपोआप निघतो. त्याच न्यायानें पाण्यांत शिशाचेच एका निवडक जातीचे अणु ठराविक मात्रेनें मिसळतात, आणि अणु वजनावारी निवडणाऱ्या यंत्रानें दोहोंचें प्रमाण काढतात.

रीत सरळ आहे. खरी अडचण निराळीच. शिसें प्रयोगशाळेच्या धुळींत असतें, भिंतीच्या रंगांत असतें, जहाजावरील साहित्यांत असतें, आणि मोजणाराच्या केसांतहि असतें. कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञ क्लेअर पॅटर्सन यांनीं १९५६ सालीं पृथ्वीचें वय ४.५५ अब्ज वर्षें ठरविलें, त्या खटाटोपांत त्यांस ही गोष्ट पुरती कळून चुकली. मग त्यांनीं जें सोवळें आरंभिलें, त्यापुढें आमच्या आजीबाईंचें सोवळें फिकें पडावें! गाळलेली हवा, आम्लानें वारंवार धुतलेलीं भांडीं, सर्वांग झांकणारा पोषाख. शिवाय नमुना न घालतां तोच प्रयोग करून, आपल्या हातून किती शिसें शिरलें तें पाहून वजा करावयाचें. तेव्हां उघड झालें कीं, समुद्रांतील शिशाचे पूर्वीचे बहुतेक आंकडे समुद्राचे नसून मोजणारांच्या मळाचे होते.

हा मळ दूर होतांच दुसरा दिसला. १९६३ सालीं पॅटर्सन व त्यांचे सहकारी तात्सुमोतो यांस आढळलें कीं, शिसें वरच्या पाण्यांत अधिक व खोल पाण्यांत कमी आहे. खोल पाणी शेंकडों वर्षांचें जुनें. तेव्हां वरचें शिसें नवें, म्हणजे माणसानेंच टाकलेलें. १९२३ पासून मोटारींच्या पेट्रोलांत शिसें घालीत; तें धुरावाटें हवेंत, व हवेंतून समुद्रांत जाई. एवढें शिसें निसर्गतःच असतें, असें म्हणणाऱ्या धंदेवाल्यांचा आधार त्यामुळें ढासळला. तोच धूर मुलांच्या श्वासांत जात होता, आणि शिसें कोवळ्या मेंदूस अपाय करितें, हें ध्यानांत घेतां हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. भारतांत असें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. २०२१ सालीं अल्जीरियांत बंद झाल्यावर मोटारींसाठीं तें जगांत कोठेंच उरलें नाहीं. बर्म्युडाजवळच्या समुद्रांतील शिसेंहि ह्या काळांत उतरत गेलें.

आमच्या घरांतील सोवळ्यांत विटाळाचा संशय नेहमीं दुसऱ्यावर. ह्या सोवळ्यांत पहिला संशय स्वतःच्या हातावर. पहिलें सुटत चाललें, त्याची आम्हांस खंत नाहीं. दुसरें मात्र मुलांस लहानपणींच शिकवावें, असें आम्हांस वाटतें.