नादशिल्पांसाठी भांडी हवीत, कानही हवेत



आपल्या बागेच्या मागच्या अंगाला गवती चहा, पुदिना, पानफुटी अशी हुंगायची आणि चाचपायची झाडं लावून झाली आहेत. त्यांच्या शेजारी आता ऐकण्याचा कोपरा करायचा आहे. तिथे हाताने किंवा मोगरीने वाजवायची नादशिल्पं उभी राहतील. त्यासाठी पावतीपुस्तक घेऊन कुणी तुमच्या दारात येणार नाही. आम्हाला तुमची जुनी भांडी हवी आहेत, आणि एका सकाळपुरते तुमचे कान.

आधी कानांचं. ‘बागेत घंटा टांगल्या तर आम्ही झोपायचं कधी?’ असं लगतच्या सोसायट्यांतून विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. दिल्लीत २००३ साली खुल्या झालेल्या ‘गार्डन ऑफ फाइव्ह सेन्सेस’मध्ये चिनीमातीच्या शेकडो घंटा वाऱ्यावर किणकिणतात. तिथे ते शोभतं, कारण ती बाग वीस एकरांची आहे. आपली बाग चार इमारतींच्या बेचक्यात आहे. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ती आपण पाळूच. पण मर्यादेतली टिणटिणसुद्धा चौथ्या तासाला डोक्यात जाते, आणि त्याला कुठलाच नियम नाही.

म्हणून वाऱ्यावर आपोआप वाजणारं काहीही बसवायचं नाही, असं ठरलं आहे. शेजाऱ्यांची झोप हे त्याचं एक कारण. दुसरं आमच्या मते त्याहून मोठं आहे. न दिसणारी व्यक्ती काठी टेकत चालते तेव्हा काठीचा आवाज, भिंतीवरून परतणारा पडसाद, रस्त्यावरची वर्दळ यांवरून ती दिशा ठरवते. सतत किणकिण चालू राहिली की हे खुणेचे आवाज बुडतात. काही स्वमग्न मुलांना तर न थांबणारा नाद सोसतच नाही. ज्यांच्यासाठी बाग करायची त्यांनाच तिथून पळवून लावायचं का? तेव्हा हात लागला तर वाजावं, हात ठेवला की थांबावं, आणि बाग बंद होताना मोगऱ्या कुलपात जाव्यात.

पहिलं शिल्प ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं. सूर भूपाचे: सा, रे, ग, प, ध. या पाचांत कुठलेही दोन एकत्र वाजले तरी कानाला फारसं खुपत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या पोरानेही बिनधास्त बडवावं. नळी कुठे टांगायची याला मात्र फार महत्त्व आहे. टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्के अंतरावर ती जवळजवळ हलत नाही. तिथे दोरी बांधली तर सूर घुमतो, भलतीकडे बांधली तर टक्क होऊन मरतो. शाळेतल्या मुलांसाठी एक कोडं: सा एक मीटर नळीचा असेल, तर वरचा सा किती लांबीचा? अर्धा मीटर म्हणाल तर फसाल. त्याच जाडीची अर्धी नळी दोन सप्तकं वर जाते. उत्तर आहे सुमारे ७१ सेंटिमीटर.

दुसरं शिल्प गजांच्या रानाचं. इटलीत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले शिल्पकार हॅरी बर्टोया यांनी धातूचे उंच, बारीक गज एका पट्टीवर ओळीने उभे केले. हात फिरवला की ते एकमेकांवर आपटत डोलतात आणि बराच वेळ गुणगुणतात. आपले गज चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल एवढ्याच उंचीचे असतील. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पट्टीखालची जाड फळी मोकळी ठेवायची, म्हणजे तळवे टेकून तो थरार अंगात घेता येईल.

तिसरं तुमच्या भांड्यांचं. माळ्यावरची परात, घंगाळ, पातेलं, कांशाचं ताट, जे असेल ते आणा. देण्याआधी बोटाने टिचकी मारून पाहा. बद्द वाजलं तर चीर गेलेली आहे. ते मोडीतच घाला. कांसं सर्वांत छान, पितळ चालेल. तांबं मऊ असतं, शिवाय चोरीला पहिलं तेच जातं, त्यामुळे ते घरीच ठेवा. ठोके घालून ताट नीट बोलतं करण्यासाठी कसब्यातल्या तांबट आळीतल्या कारागिरांना विचारायचं मनात आहे. असा कान आणि असा हात आपल्याच शहरात असताना बाहेरून तयार संच का मागवायचा?

हंपीच्या विठ्ठल मंदिरातल्या नादखांबांना आता हात लावायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. दगड झिजला की परत येत नाही. आपली परात पोचली तर दुसरी लावू. पण दगडाने मारू नका, आणि मुलांना मारू देऊ नका.

येत्या रविवारी सकाळी आठ ते दहा बागेत चाचणी आहे. तिन्ही शिल्पांचे नमुने लाकडी घोड्यांवर टांगलेले असतील. बागेकडे बाल्कनी असलेल्यांनी घरीच थांबावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि काय ऐकू आलं ते चिठ्ठीवर लिहून फाटकावरच्या पेटीत टाकावं. दृष्टिहीन, कर्णबधिर आणि चाकाच्या खुर्चीतल्या रहिवाशांनी मात्र जरूर यावं; कोणतं शिल्प कुठे रोवायचं याचा शेवटचा शब्द त्यांचा राहील. भांड्यांवर आतून आपलं नाव आणि घर क्रमांक लिहा, म्हणजे नाकारलेली परत करता येतील. पाऊस आला तर चाचणी पुढच्या रविवारी, त्याच वेळेला.