रोमचा पाय, कंधारचा पाय

"कंधार? ते विमान पळवून नेलं होतं तेच ना?"

पुण्या-मुंबईत कुणालाही गावाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न हाच. नाही हो. ते अफगाणिस्तानातलं. १९९९ साली आयसी-८१४ तिकडं उतरवलं होतं. आमचं कंधार नांदेड जिल्ह्यात, मन्याड नदीच्या खोऱ्यात. आमच्याकडं विमान नाही, एसटी उतरते. मोबाइलवर शोधलं तरी आधी विमान येतं, मग वेब सिरीज येते आणि खूप खाली गेलं की आमचा किल्ला. वर्षानुवर्षं याचा मला राग यायचा. मागच्या दिवाळीत कळलं की रागवायचा हक्क मलाच नाही.

झालं असं. माझी मावसबहीण लातूरची, सध्या शिकायला इटलीत. ताई गेल्या उन्हाळ्यात रोमला फिरायला गेली आणि तिथून तिनं एक फोटो पाठवला. एका संग्रहालयाच्या अंगणात ठेवलेला भला मोठा संगमरवरी पाय. नुसता पाय, वर माणूस नाही. चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाइन बादशहाच्या पुतळ्याचा हा पाय, असं तिनं खाली लिहिलं होतं.

मी ऐटीत रिप्लाय दिला, "त्यात काय! असा पाय आपल्या कंधारात पण आहे."

खोटं नव्हतं ते. कंधारात राष्ट्रकूट काळातल्या क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे तुकडे सापडलेत, त्यात पावलाचा भाग आहे. ताईचं उत्तर आलं, "मग दिवाळीत येते. तू दाखव."

ती खरंच आली, लातूरच्या मैत्रिणींना घेऊन. आम्ही सहा जणी. गाइड अर्थातच मी. जन्मापासून बघतेय किल्ला, आणि काय पाहिजे?

चाळीस मिनिटांत खेळ खल्लास. त्यातली तीस मिनिटं फोटोत गेली. खंदक दाखवून मी म्हटलं, यात मगरी सोडायचे. एका कोपऱ्याकडं बोट करून म्हटलं, इथून भुयार आहे, थेट दौलताबादपर्यंत जातं. पायाबद्दल काहीतरी राक्षसाची गोष्ट ठोकून दिली. तेव्हा एका मैत्रिणीनं अगदी साधेपणानं विचारलं, "तुला कसं माहीत?"

"सगळेच म्हणतात," मी म्हटलं.

परत येताना ताई एवढंच बोलली, "रोममध्ये आम्ही तीन तास फिरलो तरी अर्धंच बघून झालं होतं." टोमणा नव्हता तो, पण लागला.

मग मी तिला खोदून विचारलं, तिथं नेमकं करतात तरी काय? तिनं सांगितलं ते असं. बारा जणांचा ग्रुप. प्रत्येकाच्या कानात छोटा रिसीव्हर, गाइड हळू बोलली तरी ऐकू येणार. त्या गाइडनं पायाजवळ नेलं तेव्हा आधी राजाचं नावच सांगितलं नाही. विचारलं, एवढा पाय असेल तर माणूस केवढा असेल? मग हात दाखवला, डोकं दाखवलं. उघडं दिसणारं अंग तेवढं संगमरवरी असावं आणि बाकीचा सांगाडा दुसऱ्या सामानाचा, असं अभ्यासक का मानतात ते सांगितलं. याच तुकड्यांवरून २०२४ मध्ये तिथं पूर्ण पुतळ्याची तेरा मीटर उंच प्रतिकृती उभी केली, ती दाखवली. रोमन फोरममध्ये तर ती म्हणे एका पायरीवर चक्क खाली बसली. पायरीवर रेघा ओरखडलेल्या होत्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर टाइमपास करणाऱ्या लोकांनी कोरलेले खेळाचे पट. राजे, लढाया यापेक्षा ताईला तेच लक्षात राहिलं.

हे ऐकताना डोक्यात आलं ते असं की तिथंही उरलंय काय? तुटके खांब, अर्ध्या भिंती, एक पाय. रोमचे दगड आपल्या दगडांपेक्षा जास्त बोलके नाहीत. फरक दगडात नाही, शेजारी उभं राहून बोलणाऱ्या माणसात आहे.

मग मी आमच्या शाळेच्या निवृत्त इतिहासाच्या सरांकडं गेले आणि जे झालं ते सगळं सांगितलं, मगरींसकट. सर हसले. म्हणाले, "रविवारी सकाळी ये. दहापेक्षा जास्त जण आणू नको."

आम्ही सात जण गेलो. दारातच सरांनी तीन बोटं वर केली. "आज मी तीन प्रकारचं बोलणार. एक पुरावा, दोन अंदाज, तीन गोष्ट. कुठलं काय ते ओळखायचं. चुकलो तर मला अडवायचं."

नंतरचे अडीच तास कसे गेले कळलं नाही. सरांचा पहिला प्रश्न, किल्ले डोंगरावर असतात, मग हा सपाट जमिनीवर का? आम्ही गप्प. सरांनी आम्हाला तटावरून खंदक बघायला लावला, मग गावाजवळचा जगत्तुंग तलाव आठवायला लावला, मग नदी. डोंगर नसेल तर शत्रूला अडवणार कोण? पाणी. मी बावीस वर्षं तो खंदक बघितला होता, पण तो किल्ल्याचा डोंगर आहे हे त्या दिवशी समजलं.

जगत्तुंग हे नाव तरी कुठून आलं? राष्ट्रकूटांकडून. आमच्या गावाचा तलाव हजार वर्षांहून जुनं राजघराण्यातलं नाव मिरवतोय आणि आम्ही तिथं फक्त वाढदिवसाचे केक कापतो. कृष्ण तिसरा हा दहाव्या शतकातला राष्ट्रकूट राजा, ९३९ ते ९६७ हा त्याचा काळ. किल्ल्याची मूळ बांधणी त्याच्या नावावर सांगतात. कंधारला सापडलेल्या त्याच्या काळातल्या शिलालेखात या जागेचे तपशील आहेत. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. 'कंधारपुरवराधीश्वर' हेही त्या परंपरेतलंच बिरुद, कंधार या श्रेष्ठ नगराचा स्वामी.

आणि रोम? सर म्हणाले, तेही सांगतो. सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या नावानं एक प्रवासवर्णन आहे, इसवी सन ८५१ मधलं. त्यात जगातले चार मोठे राजे मोजलेत. बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि 'बल्हारा'. रूम म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, कॉन्स्टंटाइनच्याच नावानं वसलेली त्याची राजधानी. आणि बल्हारा म्हणजे राष्ट्रकूट राजा. त्या काळातल्या प्रवाशानं दोघांना एका रांगेत बसवलं होतं. आज एकाचा पाय बघायला लोक तिकीट काढतात आणि दुसऱ्याच्या काळातल्या पायाला मी राक्षसाचा पाय म्हणत होते.

किल्ला तिथं थांबला नाही. पुढं निजामशाही आली, फारसी लेख आले. १६३१ मध्ये शाहजहानच्या फौजेनं हा किल्ला घेतला, आणि त्या वेढ्याचं चित्र 'पादशाहनामा'च्या शाही हस्तलिखितात आहे. ते हस्तलिखित आज इंग्लंडमध्ये, विंडसरच्या राजसंग्रहात ठेवलंय. म्हणजे आपल्या गावाचं चित्र इंग्लंडच्या राजाच्या घरी, आणि आपल्या कुठल्या शाळेत त्याची झेरॉक्स पण नाही.

आमच्यातल्या एकानं मधेच विचारलं, "सर, मग हा किल्ला नेमका कुणाचा?" आजकाल हा प्रश्न विचारला की मागं काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. सरांनी त्याला आधी एका कोरीव मूर्तीसमोर नेलं, मग फारसी अक्षरांसमोर. म्हणाले, "ज्यांनी बांधला त्यांचा, ज्यांनी दुरुस्त केला त्यांचा, आणि आता तू सांभाळलास तर तुझा." शंभर जणांच्या सहलीत हा प्रश्न कुणी विचारला नसता. विचारला असता तरी उत्तराच्या आधी घोषणा आली असती. सात जणांत माणूस विचारू शकतो, चुकू शकतो, मत बदलू शकतो. छोट्या ग्रुपचा खरा फायदा मला तिथं कळला.

भुयाराचं काय? मी हळूच विचारलं. सरांनी तिसरं बोट दाखवलं. गोष्ट. "गोष्ट सांगायला हरकत नाही बेटा. ती पुरावा म्हणून खपवू नको. गुप्तधनाच्या गोष्टी ऐकून लोक जुन्या भिंती खणतात." हे मात्र मी विनोदानं घेऊ शकले नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या वाड्या-किल्ल्यांना आणखी एक कमान, आणखी एक लाइट शो, 'आय लव्ह अमुक' लिहिलेला आणखी एक सेल्फी पॉइंट नको. माणूस द्या. गावातलाच, शिकवलेला, ओळखपत्र असलेला, पैसे घेणारा आणि दहा जणांच्या वर ग्रुप न घेणारा.

"कोण येणार बघायला?" हा पहिला प्रश्न घरातूनच आला. बाबांनी विचारला. उत्तर असं. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून, परदेशातून लोक येतात. माहूरला येतात. आमच्या कंधारात हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याच्या उरुसाला गर्दी मावत नाही. त्यातले दहा जण रविवारी सकाळी किल्ल्यात आले तरी एक ग्रुप भरला. पुढं देगलूरकडं होट्टलची मंदिरं, लातूर जिल्ह्यात खरोसा लेणी, धाराशिव जिल्ह्यात तेर. तेर म्हणजे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी माहितीपुस्तकात त्याचं नाव आहे. तिथला माल पैठणप्रमाणेच भडोच बंदरात जायचा आणि पुढं रोमन जगात. ताई तेरपासून जेमतेम दोन तासांवर लहानाची मोठी झाली. तेरला अजून गेलेली नाही. मी पण नाही.

"फलक लावला की झालं की," असंही ऐकलं. फलक चांगलाच, लावाच. पण फलकाला "तुला कसं माहीत?" विचारता येत नाही. मोबाइललाही विचारून बघा, तो तुम्हाला अफगाणिस्तानात नेऊन सोडेल.

तिसरी शंका जास्त खरी आहे. गाइड थापा मारतात. मारतात, मी स्वतः मारल्यात! त्यावर उपाय गाइड नको हा नाही, शिकवलेला गाइड हवा हा आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा पर्यटक सुविधाकार होण्यासाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहेच. त्यापुढचं काम इथल्या इतिहास विभागांनी करावं. शिलालेखाचं वाचन, मूर्ती ओळखणं, आणि त्या तीन बोटांची शिस्त.

आता हिशोब. माणशी शंभर रुपये, दहा जण, एका फेरीचे हजार. शनिवार-रविवार मिळून चार फेऱ्या भरल्या तर आठवड्याचे चार हजार, महिन्याचे सोळा. दर आठवड्याला ग्रुप भरणार नाही, अर्धेच धरा. तरी इंटर्नशिपचं मानधन बघता मला हा आकडा लाजवणारा वाटला. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देतायत. सगळे गाइड होणार नाहीत, मान्य. पण गावात राहून इतिहास शिकून चार पैसे मिळतात, एवढं एक उदाहरण तरी डोळ्यांपुढं असू द्या. आज ते नाही. आमचे सर फुकट फिरवतात, कारण त्यांना आवडतं. एका माणसाच्या आवडीवर आणि गुडघ्यांवर एवढा मोठा किल्ला किती दिवस चालणार?

आपल्याकडं किल्ला म्हटलं की दोनच गोष्टी होतात, घोषणा नाहीतर पिकनिक. दोन्हीत किल्ल्याला कुणी काही विचारत नाही.

मी आता सरांसोबत दर दुसऱ्या रविवारी जाते, वही घेऊन. खाली वाकून पायऱ्या-फरशा पण बघते. महाराष्ट्रात कितीतरी किल्ल्यांवर, लेण्यांत नवकंकरीचे पट कोरलेले सापडलेत, कुणी सांगावं. मागच्या वेळी एक काका तटाखाली शेळ्या चारत होते. त्यांनी विचारलं, "काय हुडकायलाव पोरीहो? धन?"

"नाही काका, माहिती."

"मग आमाला बी सांगा की. रोज हितंच असतो आमी."

काकांना आम्ही ग्रुपमध्ये घेतलं. ते आठवे होते. सरांनी क्षेत्रपालाचं सांगितलं, अख्खी मूर्ती पन्नास फुटांच्या आसपास असावी असा अंदाज सांगितला. काकांनी जरा विचार केला आणि तोच प्रश्न टाकला, "तुमाला कसं कळलं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. या वेळी मी दुसरं बोट वर केलं आणि पायापासून सुरुवात केली.