परसदारच्या पायऱ्या

मैत्रिणींनो, घर बांधताना पुढच्या दाराला घडीव दगड, फरशी, कठडा सगळं होतं. मागच्या दाराशी मात्र एखादा डुगडुगता धोंडा टाकला की काम भागलं असं आपण समजतो! खरं म्हणजे दिवसातून वीस वेळा चढउतार होते ती इथंच. पाण्याची कळशी, धुण्याची बादली, कडेवर मूल, आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. म्हातारपणी इथं पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडून महिनोन्‌महिने अंथरूण धरावं लागतं. तेव्हा या पावसाळ्याआधी हे काम कराच.

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड या आपल्या भागात जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. म्हणूनच ओट्याला चिकटवून बांधलेल्या विटांच्या पायऱ्या दोन-चार वर्षांत ओट्यापासून सुटतात. लाकडी पायऱ्यांचं बरं असतं. त्या घडवंचीसारख्या स्वतंत्र उभ्या राहतात आणि जमीन हलली तर खाली चीप सारून पुन्हा समपातळीत आणता येतात.

माप असे घ्यावे : आधी पायऱ्यांच्या जागी मुरूम ठोकून शहाबादी फरशी बसवावी, आणि ओट्याची उंची या फरशीपासून मोजावी, मातीपासून नव्हे. समजा ती २८ इंच भरली. तिचे ७ इंचांचे चार सारखे भाग पडतात. म्हणजे पायऱ्या तीन, चौथं पाऊल ओट्यावर. पायरीची रुंदी ११ इंच ठेवावी, लांबी अडीच फूट पुरे. दोन चढ आणि एक पायरी यांची बेरीज २४-२५ इंच आली की चढण पायाला सोपी जाते. सगळे चढ मात्र अगदी सारखे हवेत. एकच चढ अर्ध्या इंचानं कमीजास्त झाला तरी ठेच लागते, कारण पाऊल सवयीनं पडतं.

दोन्ही बाजूंना दोन इंच जाडीच्या तिरप्या फळ्या, मागे उभे पाय. बाजूच्या फळ्यांना आतून आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवून त्यांवर पायऱ्या टेकवाव्यात. पायरीची फळी दीड इंच जाड असेल, तर पहिली पट्टी फरशीपासून साडेपाच इंचांवर यायला हवी, पुढच्या साडेबारा आणि साडेएकोणीस इंचांवर. सुतार कितीही जाणता असला तरी हे आकडे कागदावर लिहून द्या, बरं का! प्रत्येक पायरी दोन फळ्यांची करून मध्ये पाव इंच फट ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही.

लाकूड सागवानी उत्तम. ते परवडत नसेल तर बाभळीचं चालेल, पण चांगलं वाळलेलं आणि गाभ्याचं. बाहेरच्या फिकट भागाला कीड लवकर लागते. लाकूड मातीला टेकता कामा नये, नाहीतर वाळवी आलीच. जोडण्याआधी सगळ्या बाजूंना, विशेषतः कापलेल्या टोकांना, जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत. तेल लावलेल्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात. स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत.

पायऱ्या पुढे सरकू नयेत म्हणून खालच्या फरशीला लोखंडी अँगलने पक्क्या कराव्यात. ओट्यापासून अर्धा इंच मोकळं ठेवावं. घरात वडीलधारं माणूस असेल तर एका बाजूला सुमारे तीन फूट उंचीचा कठडा हवाच. तो नुसता शोभेचा नको, घट्ट धरता येईल असा हवा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पुन्हा दिवाळीच्या साफसफाईत एकदा पायऱ्या हलवून पाहाव्यात. स्क्रू आवळावेत आणि पायांवर वाळवीच्या मातीच्या रेघा दिसतात का ते बघावं. घरात कुणी म्हणालं, "मागच्या दारासाठी एवढा खर्च कशाला?" तर त्यांच्या हाती भरलेली कळशी द्या आणि त्या धोंड्यावरून एकदा चढायला सांगा.