घारीवर खापर, कोंडाळ्याला अभय

दिल्लीहून निघालेले एअर इंडियाचे विमान २० जून २०२५ रोजी पुण्यात लोहगावला सुखरूप उतरले. प्रवासी आपापल्या घरी गेले. नंतरच्या तपासणीत विमानाला पक्षी धडकल्याचे लक्षात आले आणि त्याच विमानाने दिल्लीला जायला निघालेल्यांचे उड्डाण रद्द झाले. कोणाला खरचटलेही नाही, त्यामुळे बातमी दोन दिवसांत विरली. त्याच्या आठवडाभर आधी, १२ जूनला, अहमदाबादेत एअर इंडियाचेच विमान कोसळून २६० जणांचा बळी गेला होता. तेव्हा पहिल्या काही तासांतच वाहिन्यांवरच्या चर्चांनी पक्ष्यांवर संशय घेतला. जुलैत आलेल्या प्राथमिक अहवालात मात्र उड्डाणमार्गाच्या परिसरात पक्ष्यांची लक्षणीय हालचाल दिसली नसल्याचे नमूद झाले. म्हणजे जेथे पक्षी नव्हते तेथे ते आरोपी ठरले आणि जेथे धडक खरोखर झाली तेथे पुढे कोणी काही विचारले नाही. पुण्यातल्या त्या विमानावर पक्षी नेमका कोठे आदळला, हा तपासणाऱ्यांचा विषय. लोहगावच्या आकाशात पक्षी का घिरट्या घालतात हे समजायला मात्र ब्लॅक बॉक्स उघडावा लागत नाही. येरवड्यात उभे राहून वर पाहिले तरी पुरे.

येरवड्याची जागा या प्रश्नात मोक्याची आहे. एका अंगाला मुळा-मुठेचा काठ आणि पुणेकर ज्याला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणतात तो झाडीचा पट्टा, तर दुसऱ्या अंगाला, जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, हवाई दलाची धावपट्टी. मध्ये दाट वस्ती. रात्री दुकान आवरताना चिकनवाला लाकडी ठोकळा धुतो. पिसे, आतडी, मुंडकी आणि पाय पिंपात जातात. पिंप वेळेवर उचलले गेले तर ठीक. नाही उचलले की गोण्या नाल्याच्या कठड्यापाशी किंवा मोकळ्या प्लॉटच्या कडेला जाऊन पडतात. पहाटे कुत्री त्या फाडतात. ऊन चढून जमीन तापली की घारी येतात. एक झेप घेते, दुसरी तिच्या पंजातले हिसकावते, आणि बघता बघता त्यांचे चक्र गरम हवेच्या झोतावर चढू लागते. या चढणीला पंख हलवावे लागत नाहीत. घार दोन-तीनशे मीटर सहज वर जाते. उतरणीला लागलेले विमान धावपट्टीपासून पाच-सहा किलोमीटरवर असते तेव्हा त्याची उंचीही साधारण तीनशे मीटरच असते.

पाऊण किलोच्या घारीने एवढ्या मोठ्या विमानाचे काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. पण इथे वजनापेक्षा वेग महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो, आणि उड्डाण घेताना किंवा उतरताना विमानाचा वेग तासाला अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने पक्षी इंजिनात खेचला गेला की पात्यांचे तुकडे आतल्या आत फिरतात. जून २०२२ मध्ये पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या स्पाइसजेटच्या विमानाचे डावे इंजिन असेच पेटले होते. १८५ प्रवाशांचे दैव आणि वैमानिकाचे कसब दोन्ही बलवत्तर, म्हणून ते पाटण्यालाच परत उतरले. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला हंसांच्या थव्याने दोन्ही इंजिने बंद पाडली आणि १५५ जणांना घेऊन विमान हडसन नदीत उतरवावे लागले; ते सगळे वाचले. दक्षिण कोरियात मुआन येथे २९ डिसेंबर २०२४ रोजी १७९ जण वाचले नाहीत. त्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत बदकांची पिसे आणि रक्त सापडले. बहुतेकांचा जीव घेतला तो धावपट्टीपलीकडच्या काँक्रीटच्या बांधाने, हे खरे. पण विमान तिथवर तसे का घसरत गेले, या प्रश्नाची सुरुवात पक्ष्यांच्या धडकेपासूनच करावी लागते.

कायदा नाही, अशी सबब कोणाला सांगता येणार नाही. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ वा नियम विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापायला, सोलायला आणि पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकायला मनाई करतो. हॉटेले, मांसाची आणि मासळीची दुकाने, हाडांच्या गिरण्या यांच्या कचऱ्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. गिधाडांचाही नाव घेऊन उल्लेख आहे, आणि त्याला कारण आहे. १९८० च्या दशकात सलीम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभरातल्या विमानतळांवर पक्ष्यांच्या धोक्याचा जो अभ्यास केला, त्यात गिधाडे आणि घारी हेच विमानांचे मोठे शत्रू ठरले होते. पुढे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडांचा जवळपास निर्वंश केला. २००६ मध्ये त्यावर बंदी आली तेव्हा उशीर झाला होता. मेलेली जनावरे खायला गिधाडे उरली नाहीत, ती जागा भटक्या कुत्र्यांनी आणि घारींनी घेतली. नियमातले गिधाड गेले, कचरा राहिला.

आता तो दहा किलोमीटरचा परीघ नकाशावर काढून पाहा. त्यात येरवडा, वडगावशेरी, खराडी, वाघोली, धानोरी, कळस तर येतातच. खडकी, कॅम्पातले मटण-मासळीचे बाजार, थेट हडपसरच्या कडेपर्यंतचा भागही येतो. पुणे महापालिका, पुणे आणि खडकी ही दोन कॅन्टोन्मेंट बोर्डे, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पीएमआरडीए एवढ्या सगळ्यांच्या हद्दी त्या एका वर्तुळात गुंतल्या आहेत. धावपट्टी हवाई दलाची, टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचे, कचरा महापालिकेचा आणि घार वनखात्याच्या कायद्याखालची. बैठका होतात. पाहणी होते. ‘ठिकाणे निश्चित करून कारवाई करण्याच्या सूचना’ दिल्या जातात. मग पावसाळा येतो आणि पुढच्या बैठकीत जुन्याच ठिकाणांची यादी नव्याने निश्चित होते. वाघोलीसारखी गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली, लोहगावचा उरलेला भाग त्याआधी २०१७ मध्ये. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. गावे हद्दीत आली, पण घंटागाडी, ओल्या कचऱ्यावरची प्रक्रिया आणि नालेसफाई त्या वेगाने मागोमाग आली नाही. ग्रामपंचायत असताना गावाबाहेर जी कचऱ्याची रास होती, ती शहर वाढत गेले तशी सोसायट्यांच्या मध्यात आली एवढेच.

कुंपणाच्या आत काहीच होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पक्षी पळवणारी पथके, फटाके, गॅसवर चालणाऱ्या आवाजी तोफा, नाल्यांची सफाई, कीटकनाशकांची फवारणी हे सारे कोणत्याही मोठ्या धावपट्टीवर चालते. यातली सर्वात कमी बोलली जाणारी गोष्ट गवताची. गवत अगदी बारीक कापले की टिटवी खूश. तिला उघडी जमीन लागते, ती दगडगोट्यांच्या रंगाची अंडी मातीवरच घालते आणि शेजारून विमान गेले तरी उठत नाही. गवत वाढू दिले की उंदीर माजतात, त्यांच्यामागे साप येतात आणि त्या दोघांमागे घार आणि घुबड. कापणीच्या दिवशी यंत्रामागून उडणारे टोळ टिपायला बगळे रांग लावतात. त्यामुळे गवत किती उंच ठेवायचे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी कापायचे हा तिथल्या पक्ष्यांचा अभ्यास असलेल्या माणसाने ठरवायचा निर्णय आहे, बागकामाच्या ठेकेदाराने नव्हे. आवाजी तोफेचेही तसेच. पहिल्या आठवड्यात पक्षी उडतात, दुसऱ्या आठवड्यात नुसती मान वळवतात. आणि घारी मारून टाका, असे सुचवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की अन्न तिथेच राहिले तर रिकामी जागा दुसरी घार भरते.

पक्ष्यांची गोष्ट निदान आकाशातली तरी आहे. विमानतळाच्या आवारात एप्रिल २०२५ मध्ये बिबट्या दिसला. तो काही महिने हुलकावण्या देत राहिला आणि डिसेंबरमध्ये बेशुद्ध करून पकडावा लागला. संरक्षण खात्याच्या पहाऱ्यातल्या जागेत बिबट्या एवढे दिवस तग धरतो, याचा अर्थ त्याला तिथे दडायला झाडी आणि खायला काहीतरी मिळत होते. कुत्री हे बिबट्याचे आवडते खाद्य, आणि कुत्री कशावर जगतात हे वर आलेच आहे.

दोन धोक्यांबद्दल आधीच सावध करायला हवे. पहिला, हा प्रश्न चिकन-मटणाच्या दुकानदारांवर दांडके उगारण्याचे निमित्त होण्याचा. बंगळुरूत २०२५ च्या एरो इंडिया प्रदर्शनासाठी यलहंका हवाई तळाच्या परिसरात काही आठवडे मांसविक्रीच बंद ठेवण्यात आली. प्रदर्शन संपले, बंदी उठली. लोहगावात विमाने रोज उडतात. इथे तसली बंदी ना शक्य ना न्याय्य. येरवड्यातल्या चार फुटांच्या गाळ्यात पोट भरणाऱ्याला कचरा कोठे द्यायचा याचे उत्तर न देता त्याच्या हातात पावती ठेवणे म्हणजे गोणी एका नाल्यावरून दुसऱ्या नाल्यावर हलवणे. शिवाय कोंडाळे भरण्यात हॉटेले आणि मंगल कार्यालये कमी नाहीत, आणि कबुतरांना रोज पोत्याने धान्य टाकून पुण्य जोडणारेही नाहीत.

दुसरा धोका नदीकाठचा. पक्षी म्हणजे अपघात, मग पक्ष्यांची जागाच नको, असा सोपा हिशेब मांडून सलीम अली अभयारण्याचा उरलासुरला तुकडाही भिंती आणि रस्त्यांखाली घालायला पुण्यात हात शिवशिवतात. अभयारण्य म्हणावे तर त्याला कायद्याचे पुरते कवचही नाही. राडारोड्याच्या ट्रकांनी त्याचा काठ कितीदा तरी बुजवला आहे. शेकाट्या, शराटी, धनवर बदक यांचे रोजचे जगणे पाण्याच्या काठाशी बांधलेले असते. त्यांना तिथे जागा मिळाली तर ते तिथे राहतील. ती हिरावली तर नवी जागा शोधत ते उडणारच, आणि कोणत्या दिशेला हे आपल्या हातात नाही. मुंबईत घाटकोपरला मे २०२४ मध्ये एमिरेट्सच्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि तीसहून अधिक रोहित मरून वस्तीत पडले. तेव्हा खाडीकाठच्या पाणथळ जागा आक्रसल्याने थव्यांचे मार्ग बदलले का, हा प्रश्न पक्षी अभ्यासकांनीच विचारला होता. घारीला खेचणारे मांस आणि बदकाला धरून ठेवणारे पाणी यांत फरक करता येत नसेल, तर उपाय करणाऱ्यांनी आधी एखाद्या पक्षी निरीक्षकाबरोबर पहाटे नदीवर जावे.

पुरंदरचा विमानतळ झाला की सारे सुटेल, असे सांगणारेही आहेत. तो होईल तेव्हा होईल. लोहगावच्या नव्या टर्मिनलमधून जुलै २०२४ पासून प्रवासी ये-जा करत आहेत आणि हवाई दल तर १९३९ पासूनच्या या तळावरून कोठेही जाणार नाही. तेव्हा भोवती माळरान होते, आज शहर आहे. उपायही शहरालाच करावा लागेल. मांसाच्या प्रत्येक दुकानाला झाकणाचे पिंप आणि रोज, सुट्टीच्या दिवशीही, रात्री दुकान बंद होतानाच ते उचलणारी बंद गाडी. त्या कचऱ्यावर परिघाबाहेर प्रक्रिया. मोकळ्या प्लॉटचा मालक सापडत नसेल तर महापालिकेने कुंपण घालून खर्च मिळकतकरात चढवणे. यातले काहीही परदेशातून आणायचे नाही, दुचाकीवरून फिरणाऱ्या आरोग्य निरीक्षकाला आजच दिसणारी ही कामे आहेत.

ती होतात की नाही, हे कळण्याचा मार्ग पुणेकरांकडे नाही, हीच खरी अडचण. म्हणून विमानतळ परिसराच्या पर्यावरणासाठी असलेल्या समितीने दर महिन्याच्या पाच तारखेला एक पान जाहीर करावे: मागच्या महिन्यात किती धडका झाल्या, कोणते पक्षी होते, कचऱ्याची कोणती ठिकाणे सापडली आणि त्यातली किती हटली. जे ठिकाण सलग दोन महिने यादीत राहील, त्याच्यासमोर संबंधित क्षेत्रीय कार्यालयाच्या अधिकाऱ्याचे नाव छापावे. महापालिका आणि हवाई दल यांनी हे पहिले पान येत्या पावसाळ्याआधी काढावे.