पार्क लाकडाचं हवं, आणि त्याची वही उघडी हवी

स्वप्नातलं अम्यूझमेंट पार्क कसं असावं, असा विषय आपल्या कट्ट्यावर निघाला की पहिला प्रश्न उंचीचा येतो. किती फूट? किती स्पीड? किती वेळा उलटं? खोपोलीला 2013 मध्ये इमॅजिका सुरू झालं, तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या मुलांचं माप 'नायट्रो' हेच झालंय. सुमारे 40 मीटर उंची, ताशी शंभराच्या वर वेग आणि पायाखाली फळीसुद्धा नाही. मजा आहेच, नाही कोण म्हणतंय? पण मला माझं पार्क पोलादाचं नकोय. मला ते लाकडाचं हवंय. आणि तेही माझ्या गावाजवळ, म्हणजे उज्जैनच्या माधवनगरातून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर.

हसू नका, आधी माधवनगर काय आहे ते सांगते. लोक त्याला फ्रीगंज म्हणतात. रेल्वे स्टेशनच्या एका बाजूला महाकालाचं जुनं, गल्ल्यांचं शहर आणि दुसऱ्या बाजूला सरळ रस्त्यांचं, टॉवर चौकाचं हे नवं. नाव ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचं. या माणसाला यंत्रांचा भारी नाद. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांपुढे फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी प्रसिद्ध आहे. ग्वाल्हेरचा मेळा 1905 मध्ये त्यांनीच सुरू केला. सवाई जयसिंगांनी उज्जैनला बांधलेली वेधशाळा मोडकळीला आली होती, तिची दुरुस्ती 1923 मध्ये झाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. आगगाडी, जत्रा आणि भूमिती. लाकडी रोलर कोस्टरला याहून वेगळं काय लागतं?

आता लाकडी कोस्टर म्हणजे नेमकं काय? सांगाडा सहसा लाकडी तुळयांचा, एकमेकींना आडव्यातिडव्या बांधलेल्या. रूळ म्हणजे फळ्यांचे एकावर एक सात-आठ थर आणि वरती पोलादाची पट्टी. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते. तेव्हा जो कट्-कट् आवाज येतो तो गाडी मागे घसरू न देणाऱ्या खटक्यांचा. एकदा माथा ओलांडला की इंजिन नाही, मोटर नाही. पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. गाडी जाताना लाकूड थोडं लवतं, थरथरतं, कुरकुरतं. पोलादी कोस्टर गुळगुळीत धावतो, लाकडी कोस्टर बोलतो.

हा प्रकार जुना आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1884 मध्ये लामार्कस थॉम्प्सन यांनी असली पहिली गाडी चालवली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सायकलहून कमी! पुढे जॉन मिलर यांनी रुळाच्या खालच्या बाजूलाही चाकं बसवायची युक्ती काढली आणि 1919 मध्ये तिचं पेटंट घेतलं. गाडी रूळ सोडून वर उडणार नाही याची खात्री झाली, तेव्हा उतार धाडसी झाले. म्हणजे थरार वाढला तो सुरक्षेचा विचार आधी झाला म्हणून. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आणि हे कोस्टर टिकतात. कोनी आयलंडचा 'सायक्लोन' 1927 चा. कोपनहेगनच्या तिवोली बागेतला 1914 चा, मेलबर्नच्या लूना पार्कमधला 1912 चा. या शेवटच्या दोन्हींत तर गाडीबरोबर ब्रेक धरणारा माणूस अजूनही असतो. शंभर वर्षं लाकूड टिकतं का, असं विचाराल तर नाही टिकत. फळ्या बदलत राहतात. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात ना, तसंच. आज एक तुकडा, उद्या दुसरा. घर तेच राहतं, कारण शाकारणारे हात थांबत नाहीत.

माझा मुद्दा इथेच आहे. आपल्या पार्कांत आणि जत्रांत थराराची कमी नाही, कमी आहे ती रोजच्या निगराणीची. जुलै 2019 मध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाजवळ लंबकासारखी झुलणारी राइड चालू असताना तुटली. माणसं मेली, कितीतरी जखमी झाली. धातू थकतो तो आतून, रंगाच्या खाली, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं चकाचक आहे. लाकूड आपोआप सुरक्षित असतं असं मी मुळीच म्हणत नाही, लाकडी कोस्टरवरही अपघात झालेले आहेत. माझं म्हणणं एवढंच की लाकडाला विसरून चालत नाही. दरवाजे उघडण्याआधी रोज सकाळी कुणीतरी हातोडी घेऊन पूर्ण रूळ पायी चालावाच लागतो, बोल्ट आवळावे लागतात, फळ्यांवर ठोकून आवाज ऐकावा लागतो. ज्या मालकाला ही सवय परवडत नाही, त्याला लाकडी कोस्टर परवडतच नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशात ठीक आहे, आपल्याकडे लाकडाची राइड कोण बांधणार? अहो, आपल्याकडे ती कधीपासूनच आहे! कार्तिकात शिप्रेच्या काठी मेळा भरतो, तिथे किंवा कुठल्याही मोठ्या जत्रेत मौत का कुआँ बघा. उभ्या फळ्या एकमेकींना जोडून केलेली ती भलीमोठी विहीर, आतून गरगर फिरणारी मोटारसायकल आणि ती जवळून गेली की आपल्या पायाखाली हादरणारी गॅलरी. लाकूड लवतं, थरथरतं, बोलतं. म्हणजे वर वर्णन केलं तेच. ही विहीर बांधणारे लोक दर मुक्कामाला तिचा फळीन् फळी सुटा करतात, ट्रकमध्ये भरतात आणि पुढच्या गावात पुन्हा उभी करतात. हाताने फिरवायचा लाकडी रहाटपाळणाही याच लोकांच्या दुनियेतला. या कारागिरांना आपण 'जत्रावाले' म्हणून मोकळे होतो. माझ्या पार्कात त्यांना पगार, विमा आणि प्रशिक्षण असेल, आणि पदाच्या पाटीवर नाव असेल.

आता थोडं डिझाइन. जागा नदीकाठची नको. ती पुराची आणि सिंहस्थाची, तिथे कायमचं काही उभारू नये. देवास रोडच्या बाजूला, गावाबाहेर मोकळी जमीन चालेल. मुख्य कोस्टरचं नाव 'माळवा मेल'. उंची 25 मीटर, बस. पहिल्या चढाचा कोन 23 अंशांपेक्षा किंचित जास्त ठेवायचा. का? कारण वेधशाळेतल्या सम्राट यंत्राचा उतरता कठडा उज्जैनच्या अक्षांशाइतकाच तिरका आहे, 23 अंश 11 मिनिटांच्या आसपास. तोच कोन घेतला तर चढ साधारण 64 मीटर लांबीचा होतो. घर्षण सोडून दिलं तर 25 मीटरच्या उताराखाली ताशी 80 किलोमीटरचा वेग मिळतो. आमच्या अकरावीच्या फिजिक्सचं गणित हे. वेधशाळेत जसं सूर्याचं गणित दगडचुन्यात उघडं दिसतं, तसं इथे ऊर्जेचं गणित लाकडात दिसेल. शाळांच्या सहली आल्या की मुलांनी आधी ते सोडवायचं आणि मग बसायचं. उलटं क्रम ठेवला तर डोकं गरगरतं, गणित राहून जातं!

पावसाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. पण दक्षिण कोरियात माळव्यासारखाच धो-धो पावसाळा असतो, आणि तिथल्या एव्हरलँडमध्ये 2008 पासून 'टी एक्स्प्रेस' हा 56 मीटर उंचीचा लाकडी कोस्टर उभा आहे. लाकडाला औषध लावावं लागतं, पाणी निचरून जाईल अशी रचना करावी लागते, वाळवीवर डोळा ठेवावा लागतो. खर्च येतो. तो खर्च मी टाळायला सांगत नाहीये, उलट तोच या पार्कचा प्राण आहे असं सांगतेय.

तिकिटाबद्दलही स्पष्ट बोलते. फाटकावरच हजार-दोन हजार घेणारं पार्क माझ्या गावातल्या निम्म्या घरांना बाहेरच ठेवेल. मेळ्यात आत जायला पैसे पडत नाहीत, ज्या पाळण्यात बसाल त्याचेच द्यायचे. तीच पद्धत इथे हवी. आजी बाकावर बसून शेंगा खाईल, नातू 'माळवा मेल'मध्ये किंचाळेल, आणि आजीला त्याचे पैसे पडणार नाहीत.

आणि शेवटची, पण माझ्या लेखी पहिली अट. तिकीटखिडकीशेजारी एक वही, सर्वांना वाचता येईल अशी. आज रूळ कोणी चालला, किती वाजता, कुठली फळी बदलली, खाली सही. रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाने ती उघडून बघावी.

पार्क बांधायला पैसे लागतात, ते माझ्याकडे नाहीत. पण वहीला पैसे लागत नाहीत. म्हणून तुम्हाला एक विनंती. या वर्षी तुमच्या गावच्या जत्रेत पाळण्यात बसण्याआधी चालवणाऱ्या दादांना सरळ विचारा, "आज सकाळी हे कोणी तपासलं?" चेष्टेने नाही, आदराने. ज्याने खरंच तपासलंय तो आनंदाने सांगेल. आणि उत्तर मिळालंच नाही, तर त्या दिवशी फक्त शेंगा खाऊन घरी या.