आधी टाइप, मग क्लास

वेब डेव्हलपमेंट शिकायला बसलेल्या मुलांपुढे आजही अनेक ठिकाणी सुरुवातीलाच ‘अ‍ॅनिमल’ नावाचा क्लास येतो. मग त्यातून ‘डॉग’, त्यातून आणखी कुणी. ही वंशावळ, म्हणजे इनहेरिटन्स, जावा, सी प्लस प्लसच्या अभ्यासक्रमातून थेट उचललेली आहे आणि वेबच्या रोजच्या कामात ती फारशी लागत नाही. तिथे आधी लागतात ते टाइप.

ऑर्डरचा साधा फॉर्म घ्या. ‘नग’ या रकान्यात ग्राहकाने २ भरले. ब्राउझरच्या लेखी ती संख्या नव्हे, स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. जावास्क्रिप्टमध्ये तिच्यात एक मिळवला की होतात २१! वजा केला तर मात्र बरोबर १ उरतो, कारण वजाबाकीच्या वेळी भाषा परस्पर त्या स्ट्रिंगची संख्या करून घेते. एरर कुठेच नाही, आणि बिल एकवीस नगांचं.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये या भाषेचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं. तिच्यात क्लास नव्हतेच. एक ऑब्जेक्ट दुसऱ्याकडून गुण घेई. प्रोटोटाइपची ही कल्पना ‘सेल्फ’ या भाषेतली. ‘क्लास’ हा कीवर्ड २०१५ मध्ये आला, तरी आतली यंत्रणा तीच राहिली.

याच जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणारी मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट २०१२ची. फंक्शनला नंबर हवा असं तिच्यात लिहून ठेवलं, की स्ट्रिंग देताक्षणी एडिटरमध्ये लाल रेघ उमटते.

जावा करून आलेला मात्र इथेही अडखळतो. समजा, ‘ग्राहक’ आणि ‘विक्रेता’ असे दोन क्लास आहेत आणि दोघांत फक्त नाव आणि फोन. ग्राहक मागणाऱ्या फंक्शनला विक्रेता दिला, तर जावा कंपाइलच करत नाही. टाइपस्क्रिप्ट खुशाल चालवून घेते. क्लासच्या नावाशी तिला कर्तव्य नाही, आतली रचना जुळली की झालं. शिकवणाऱ्यांनी वेळ द्यायला हवा तो इथे.

याहून घातक गोष्ट पुढेच आहे. हे टाइप कंपाइल होताना पुसले जातात. सर्व्हरकडून किंमत संख्येऐवजी स्ट्रिंग म्हणून आली, तर कागदोपत्री लिहिलेला टाइप तिला अडवत नाही. डेटा जिथे आत येतो तिथे तपासणीचा कोड लिहावाच लागतो, आणि नवशिक्यांना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

म्हणून शिकवताना टाइपस्क्रिप्टचं टाइप काटेकोर तपासणारं ‘स्ट्रिक्ट’ सेटिंग पहिल्या दिवसापासून चालू हवं. इनहेरिटन्स सावकाश आलं तरी चालेल. ‘डिझाइन पॅटर्न्स’ या १९९४च्या गाजलेल्या पुस्तकानेही इनहेरिटन्सपेक्षा ऑब्जेक्ट एकत्र जोडण्यालाच पसंती दिली होती.